वाईट तोंडाची बायनाबाई

बायनाबाईने कुणाच्या लेकराला कधी चांगलं म्हटलं नाही. बीडच्या सरकारी दवाखान्यात ती बाळंतिणींच्या खोलीत आया होती, आणि इतक्या वर्षांत निम्मी पेठ तिच्या हातावर जन्माला आली असेल. पण एकाही पोराची तिने तोंडभरून तारीफ केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पोर गुटगुटीत असो, रडून खोली डोक्यावर घेत असो, ही दारात यायची आणि बाहेर ताटकळलेल्या मंडळींना सांगायची, "झालं एकदाचं. उंदराएवढं हाय. काळंकुट्ट. नाक कुठं हाय ते हुडकावं लागतंय." ते ऐकून आजी पदराने डोळे टिपायची आणि आजोबा गूळ वाटायला काढायचे. पोर धडधाकट आहे हे सगळ्यांना कळायचं.

कारण काही गूढ नव्हतं. चांगल्याला चांगलं म्हटलं की नजर लागते, हे तिला सासूने शिकवलं होतं. सासू लिंबागणेशात सुईणपण करायची. पण सासूपेक्षा पक्कं शिकवलं ते बायनाबाईच्या स्वतःच्या पोराने. पहिलटकरीण होती, कोवळं वय होतं. गणपतीच्या देवळात लेकराला पायावर घालायला नेलं तेव्हा चारचौघींत बोलून गेली, "माझा लेक राजावानी दिसतो." पुढची अमावस्या काही त्या पोराने पाहिली नाही. तो कशाने गेला ते कुणी सांगू शकलं नाही, आणि बायनाबाईने विचारलंही नाही. तिने कानाला खडा लावला तो कायमचा. नंतर तिची कूस काही उजवली नाही.

या रिवाजाला एक दुसरी बाजूही होती. एखादं पोर जगणार नाही असं तिच्या बोटांना कळलं, की बायनाबाईचा आवाज मऊ व्हायचा. मग ती आईच्या उशाशी बसून म्हणायची, "चांगलं हाय गं लेकरू. गोड हाय." नजर लागायला तिथे काही उरलेलंच नसायचं, मग दोन गोड शब्द बोलायला काय हरकत होती. बायका काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी हळूहळू दोन्ही गोष्टी ताडल्या. बायनाबाईने नावं ठेवली तर पेढे वाटा, आणि बायनाबाई चांगलं म्हणाली तर हिंमत धरा, असं पेठेत बायका एकमेकींना सांगायच्या. बायनाबाईला हे ठाऊक होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अशा बाईवर परीक्षा येऊन आदळली.

हुकूम हैदराबादेहून आला होता आणि उर्दूत होता. कंपाउंडर राधाकिशनने तो औषधांच्या खोलीच्या दारात उभं राहून मराठीत समजावला. इथून पुढे ज्या दाईकडे सरकारी सनद असेल तिनेच बाळंतिणीला हात लावायचा. सनद हवी तर इम्तिहान द्यायचा. इम्तिहान तोंडी, म्हणजे लिहितावाचता येत नसलं तरी चालेल. पण माणसाचं शरीर ठीक असताना नाडी किती, श्वास किती, अंगाची ऊब किती, हे सगळे आकडे पाठ पाहिजेत. बाळंतिणीचे वेगळे आणि लेकराचे वेगळे. घ्यायला हैदराबादेची मोठी डॉक्टरीणबाई जातीने येणार होती.

"आणि न्हाई आले पाठ तर?" बायनाबाईने विचारलं.

"मग तुमची जागा दुसरीला जाईल," राधाकिशन म्हणाला. "मी न्हाई म्हणत, कागद म्हणतोय."

जागा जाणार म्हणजे खोली जाणार. दवाखान्याच्या मागे जळणाच्या कोठीला लागून बायनाबाईची खोली होती. पावसात एका कोपऱ्यात गळायची, उन्हाळ्यात तापायची, पण तिथली चूल तिची होती. मोठ्या तापाच्या साथीत नवरा गेला तेव्हापासून ही चूल मिळेपर्यंत ती लिंबागणेशात धाकट्या दिराच्या घरी राहिली होती. दीर धोंडीराम माणूस वाईट नव्हता, हात उचलत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता. पण त्या घरात विधवा भावजय म्हणजे उजाडायच्या आत कामाला लागणारे दोन हात, बाकी काही नाही. शेण, पाणी, खुरपणी, पुन्हा शेण. भाकरी जाऊ विमलबाई वाढायची आणि वाढताना ताटाकडे न बघता तोंडाकडे बघायची. त्या बघण्याने बायनाबाईच्या घशात घास अडकायचा. आता वय झालं होतं, कंबर धरत होती. तिला एवढंच वाटत होतं, की दिवस मावळला की आपल्या चुलीपुढे बसावं, आपली भाकरी आपण थापावी आणि तिच्याकडे कुणी बघू नये.

धोंडीराम बाजाराला आला तेव्हा दवाखान्यात डोकावला. परीक्षेचं त्याच्या कानावर गेलंच होतं. "वैनी, काळजी करू नका," तो म्हणाला. "नापास झालात तर घर हाय की. विमलच्यानं आता गोठा होत न्हाई. तुमची वाटच बघतोय आमी." बिचारा मायेने बोलला आणि बायनाबाईच्या तोंडचं पाणी पळवून गेला.

मग पाठांतर सुरू झालं. दिवसभर बाळंतिणींच्या खोलीतलं काम, धुणं, उकळत्या पाण्यातून फडकी काढणं, आणि ते उरकलं की औषधांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राधाकिशनची शिकवणी. तो खलात औषध घोटता घोटता उर्दू पुस्तकातून वाचायचा आणि ती म्हणायची. अंग आधीच आंबलेलं असायचं. एक आकडा डोक्यात बसला की दुसरा कुठून तरी निसटायचा. नाडीचा आकडा श्वासाला लागायचा, आईचा आकडा लेकराला.

"मोठ्या माणसाची नाडी?"

"तीन इसा न् बारा."

राधाकिशन कपाळाला हात लावायचा. लिंबागणेशात सगळी मोजदाद इसांवर चालते, वीस-वीसचे ढीग लावून. "बायनाबाई, ती हैदराबादेची बाई हाय. तिला इसा काय कळणार? बहत्तर म्हणा, बहत्तर."

"बहत्तर," बायनाबाई म्हणायची आणि मनात तीन इसा न् बारा पुन्हा मोजून घ्यायची, की बाई दोन्ही एकच ना. नुकत्या जन्मलेल्या लेकराची नाडी सहा इसांपासून सात इसांपर्यंत, श्वास दोन इसा. आईचा श्वास इसाला दोन कमी. थर्मामीटर त्यातल्या त्यात बरा. त्यावर बाणाची बारीक खूण असते, पारा तिथे थांबला की ठीक. पण डॉक्टरीणबाई बाण दाखवणार नाही, आकडा विचारणार. अठ्ठ्याण्णव आणि वर दोन बारक्या रेघा. आणि ती लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर उकळायची भानगड. नितळ राहिली तर ठीक, नासक्या दुधासारखी फाटली तर बाळंतिणीला झटके यायची भीती. ते मात्र बायनाबाईच्या एका खेपेत लक्षात राहिलं, कारण दूध नासलेलं तिने पाहिलं होतं.

सगळ्यात अवघड आकडे नव्हते. सगळ्यात अवघड होतं ते प्रत्येक आकड्यामागे 'ठीक' म्हणणं. राधाकिशनच्या पुस्तकात जिकडेतिकडे ठीकच. नाडी इतकी, ठीक. ऊब इतकी, ठीक. वजन सात पौंड, ठीक, तंदुरुस्त. बायनाबाई ते म्हणायची आणि लगेच बाजूला तोंड करून थू करायची.

"कावून थुंकता?" राधाकिशन एक दिवस वैतागला.

"ठीक ठीक म्हणून राहिले ना सकाळपास्नं. कुणाच्या तरी लेकराला लागंल."

"कुणाच्या? पुस्तकात कुणाचं लेकरू न्हाई."

बायनाबाईला ते पटलं नाही. ठीक म्हटलं की ते कुठे तरी जाऊन पडणारच. तिने विचारलं, "वाईट किती ते न्हाई का विचारणार? ते पाठ करते मी."

"ठीक किती ते आलं की वाईट आपोआप कळतं. आणि डॉक्टरीणबाईपुढं थुंकलात तर सनदबिनद विसरा."

तेव्हा बायनाबाईने थुंकणं बंद केलं आणि त्याऐवजी पदराखाली बोटं मोडायला लागली.

परीक्षेच्या आधी तीन दिवस चंद्रभागाबाई बाळंत झाली. ही युसूफ वडगावची. आधीची दोन लेकरं घरीच झाली होती आणि दोन्ही गेली होती. म्हणून या खेपेला नवरा शहादेव तिला बैलगाडीत घालून बीडला तिच्या मावशीकडे घेऊन आला होता. मावशीने सांगितलं, दवाखान्यात बायनाबाई हाय, तिच्या हाताला यश हाय. तिच्या वाईट तोंडाचं आणि गोड बोलण्याचंही सगळं सांगितलं. मुलगा झाला. भरलेलं, लालबुंद लेकरू, मुठी आवळून ओरडत होतं. बायनाबाईने त्याला फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "हे काय काढलंस गं? सुकलेला भोपळा हाय नुसता." चंद्रभागाबाई एवढ्या कळा सोसून पडली होती, पण ते ऐकताच खुदकन हसली. लेकराला सटवाईचीही नजर जाऊ नये म्हणून तिने त्याचं नाव उकंडा ठेवायचं ठरवलं होतं. उकिरड्यावर टाकलेलं कोण उचलून नेणार?

परीक्षेच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात टेबल मांडलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीची, बारीक चणीची, पांढऱ्या साडीतली. मोटारीने रात्रभर प्रवास करून आली होती आणि तिच्याही डोळ्यांवर झोप होती. गावोगावच्या दाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, काही तर चक्क पेंगत होत्या. बायनाबाईचं नाव पुकारलं तेव्हा तिला वाटलं, आता सगळं विसरणार. पण राधाकिशनने घोटून घेतलेलं बाहेर पडलं. बहत्तर आलं, अठारा आलं, बाणाजवळचा आकडा आला. लेकराच्या नाडीला एकदा अडखळली, सहा इसा म्हणता म्हणता थांबली आणि एक सौ बीस म्हणाली.

"बच्चे के पास धुआँ करना?"

"न्हाई."

"काजल लगाना?"

"न्हाई. डोळे खराब होतात."

"निखारे खाट के पास?"

"न्हाई, बाईसाहेब."

डॉक्टरीणबाईने मान हलवली. राधाकिशन औषधांच्या खोलीच्या दारातून बघत होता. त्याच्याच छातीवरचं ओझं उतरल्यासारखा तो आत वळला.

मग खाटेपाशी नेऊन प्रत्यक्ष तपासायला लावायचं होतं. बाकीच्या दायांना एकेक बाळंतीण दिली, बायनाबाईच्या वाट्याला चंद्रभागाबाई आली. डॉक्टरीणबाईने वाळूचं घड्याळ खाटेच्या कडेला उलटं ठेवलं. बायनाबाईने लेकराची नाडी मोजली, पोट वरखाली होताना श्वास मोजले, काखेत थर्मामीटर धरला, तराजूच्या झोळीत घालून वजन केलं. वजन करताना चंद्रभागाबाईने तोंड फिरवून घेतलं. लेकराला तोलणं तिला बघवत नव्हतं.

"बोलो," डॉक्टरीणबाई म्हणाली.

बायनाबाईने आजूबाजूला बघितलं. "बाईसाहेब, बाहेर सांगू का? व्हरांड्यात?"

डॉक्टरीणबाईला मराठी कळत होती. "नहीं. यहीं बोलो. माँ से छुपाना बंद करो. तुम सब दाइयाँ यही करती हो." तिचंही चुकत नव्हतं. आईपासून लपवून लपवून दायांनी काय काय होऊ दिलेलं तिने पाहिलं होतं.

बायनाबाई आकडे बोलली. ते उर्दूत होते, चंद्रभागाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिथेच सुटली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टरीणबाईने विचारलं, "तो बच्चा कैसा है? तुम्हारी ज़बान में कहो. साफ कहो."

बायनाबाईच्या डोळ्यांपुढे विमलबाईचं बघणं आलं, गोठा आला, कोपऱ्यात गळणारी खोली आली. पदराखाली तिने बोटं मोडली. "लेकरू चांगलं हाय," ती म्हणाली. "सगळं ठीक हाय."

"शाबाश," डॉक्टरीणबाई म्हणाली, कारकुनाला नाव लिहायला सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. कागदावर शिक्का दुपारी बसणार होता.

'चांगलं हाय' हे चंद्रभागाबाईने ऐकलं. पाजायला घेतलेलं लेकरू तिने अलगद बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. लेकराने शोधलं, मिळालं नाही तसा टाहो फोडला.

"अगं पाज त्याला," बायनाबाई वाकून म्हणाली.

"आता कशाला, मावशी?"

"कशाला म्हंजे? अगं काय वाईट लेकरू हाय, बघ तरी. किडकं, भोपळ्यावानी."

"नका," चंद्रभागाबाई भिंतीशीच बोलली. "मघाशी बोललात तेच खरं. आता माझी समजूत घालू नका. मोठी डॉक्टरीण माझ्या खाटेपाशी आली तवाच मला कळलं. दोन गेले तवा बी मला कुणी सांगितलं न्हाई. तुमी सांगितलं, लई उपकार झाले."

बायनाबाईने हात टेकले. उभा जन्म जे शब्द तिने चलनासारखे वापरले होते, ते आता खोटे ठरले होते. वाईट म्हणावं तर समजूत, चांगलं म्हणावं तर मरण. लेकरू रडून रडून काळंनिळं व्हायला लागलं. चंद्रभागाबाईने खिडकीशी बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "गाडी जुंपा. घरी न्यायचं याला. जायचंच असंल तर आपल्या उंबऱ्यात जाऊ द्या, परक्या गावात नको."

शहादेव उठला आणि बैल जुंपायला गेला. बाहेर ऊन तडतडत होतं. केजच्या पलीकडचं युसूफ वडगाव जवळ नव्हतं. तीन दिवसांची ओली बाळंतीण, अंगावर न पिणारं लेकरू आणि खडखडणारी गाडी. केजच्या वाटेवर काय होईल ते सांगायला कुठला आकडा पाठ करावा लागत नव्हता.

शब्द संपले होते, पण एक गोष्ट उरली होती. जाणाऱ्या लेकराची दृष्ट कुणी काढत नाही. दृष्ट काढायची ती हेवा वाटावा अशा लेकराचीच. हे बायनाबाईला कळत होतं आणि चंद्रभागाबाईलाही कळत होतं. बायनाबाईने व्हरांड्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई पुन्हा टेबलापाशी जाऊन बसली होती, पुढ्यात दाया, बाजूला कागदांची चळत आणि शिक्क्याची डबी. ती जेवायला उठेपर्यंत थांबावं, असं बायनाबाईच्या मनात आलं. मग गाडीच्या जोखडाचा आवाज आला.

ती मागच्या दाराने आपल्या खोलीवर गेली. चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, डब्यातून मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेतल्या. येताना कंदिलाच्या काचेवरून बोट फिरवून काजळी घेतली. एवढं चालून तिला धाप लागली. खाटेपाशी येऊन तिने घमेलं जमिनीवर ठेवलं आणि लेकराच्या गालावर काजळीचं बोट ओढलं, तळपायावर दुसरं. मीठमोहरीची मूठ त्याच्यावरून उतरवताना ती ओठांतल्या ओठांत बोलायला लागली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, मावशीची, शेजारणीची, माझ्या मेलीच्या वाईट डोळ्याची, जिची कुणाची लागली असेल तिची जळून जावो. मग मूठ निखाऱ्यांवर टाकली. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला आणि सगळी खोली खोकायला लागली.

चंद्रभागाबाई वळली. धुरातून तिने लेकराच्या गालावरची तीट बघितली, मग बायनाबाईकडे बघितलं. "माझ्या उकंड्याची दृष्ट काढली?" तिने विचारलं.

"मग काय तर. रडून जीव खाल्लाय माझा. सुकलेला भोपळा मेला."

चंद्रभागाबाईने लेकराला उचललं आणि पदराखाली घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मिरचीचं की कशाचं कुणाला ठाऊक. लेकराने एक हुंदका दिला आणि ते प्यायला लागलं. बायनाबाई तिथेच जमिनीवर बसली.

डॉक्टरीणबाई दारात उभी होती. ती पदराने नाक झाकून आत आली, घमेलं बघितलं, लेकराचा गाल बघितला. तिचा आवाज चढला नाही. "सुबह मैंने क्या पूछा था?"

"धूर न्हाई, काजळ न्हाई, निखारा न्हाई," बायनाबाई म्हणाली.

"फिर ये क्या है?"

सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे पुन्हा म्हणायचं, की बाईसाहेब, लेकरू चांगलं होतं, ठणठणीत होतं, मी तसं म्हणाले म्हणून ही आई खचली. ते इथे, हिच्या देखत म्हणायचं. चंद्रभागाबाई कान देऊन ऐकत होती आणि लेकरू पीत होतं. बायनाबाईने मान खाली घातली. "चुकलं, बाईसाहेब."

डॉक्टरीणबाईने घमेलं बाहेर न्यायला सांगितलं. मग निघून गेली. तिच्यामागे राधाकिशन जवळजवळ पळत गेला. व्हरांड्यात त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. वाईट तोंड, चांगलं म्हणणं, गाडी जुंपणं, सगळं. तिने ते मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाली, की मला कळलं, बाई मनाने वाईट नाही, पण अशाच घमेल्यातल्या निखाऱ्याने पेटलेली खाट मी विझवलेली आहे. आज आईसाठी केलं, उद्या सासूसाठी करेल. पुढच्या साली पुन्हा ये म्हणावं. असं म्हणून तिने कागदावरच्या नावावर रेघ ओढली.

पुढच्या साली यायला मधलं साल दवाखान्यात काढायला हवं होतं, आणि ती जागा महिनाअखेरीला दुसरीला जाणार होती. राधाकिशनने हे बायनाबाईला सांगितलं तेव्हा ती घमेलं घासत होती. "बरं," ती म्हणाली. तिला रडू आलं नाही, फार दमली होती. एवढे आकडे कशाला डोक्यात भरले, असं मात्र वाटलं. गोठ्यात कुणी म्हशीची नाडी विचारणार नव्हतं.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी ती बाळंतिणींच्या खोलीत पाणी ठेवायला गेली. शहादेवने बैल परत सोडले होते आणि तो व्हरांड्याच्या पायरीवर तंबाखू मळत होता. उकंडा पोट भरून झोपला होता, गालावरची काजळी पुसट झाली होती. चंद्रभागाबाईने खाटेवर सरकून जागा केली.

"मावशी, बसा जरा. तुमच्या इम्तिहानाचं काय झालं? मी आपल्याच नादात, विचारायचं राहूनच गेलं."

बायनाबाई बसली. कंबर ठणकत होती. "लई वाईट झालं, माय," ती म्हणाली. "नापास केलं त्यांनी मला. आता हितं राहू देत न्हाईत. दिराच्या घरी जाऊन शेण काढायचं."

चंद्रभागाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा सगळा चेहरा फुलला. "देव पावला," ती म्हणाली. तिने वाकून बायनाबाईच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. "मला ठाऊकच होतं. तुमास्नी न्हाई सनद द्यायची तर कुणाला? आता पुढल्या खेपेला बी तुमच्याच हाताखाली येते मी. असाल ना हितंच?"

बायनाबाईने लेकराचं पांघरूण नीट केलं. "हाय की," ती म्हणाली. "कुठं जाती मी?" आणि रिकामी घागर उचलून ती आपल्या चुलीकडे गेली.